धाकटा आला की करू

आमचे हे आणि धाकटे भाऊजी, दोघांनी मिळून एकवीस वर्षं लोकांची घरं हलवली. कपाटाच्या एका टोकाला हे, दुसऱ्याला भाऊजी. जिन्यात वळताना नुसतं "हं" म्हटलं की पुरे. मग भाऊजींना दूरच्या शहरात गोदामात पगाराची नोकरी लागली. भांडण नाही, तंटा नाही, तरी घर ओकंबोकं झालं.

हे दुसरा गडी ठेवीनात. "त्याच्यासारखा हात जुळायला जन्म जातो," म्हणायचे आणि एकटेच पट्टा लावून ओझी उचलायचे. वर्षभरात जांघेत लिंबाएवढा फुगवटा आला. खोकलं की वर यायचा, आडवं झालं की आत जायचा. मी ओढूनच डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"हर्निया आहे," त्या म्हणाल्या. "पोटाची भिंत तिथे कमकुवत झालीय, आतडं बाहेर डोकावतंय. आज आत जातंय. उद्या अडकलं तर त्याचा रक्तपुरवठा तुटेल, मग जिवाशी गाठ. आताच ऑपरेशन करून तिथे जाळी बसवून घ्या."

"एखादी गोळी नाही का?" ह्यांनी विचारलं.

"भिंतीचं भोक गोळीने बुजतं होय?"

घरी आल्यावर हे म्हणाले, "धाकटा सुट्टीला आला की करू." भाऊजी दर फोनला "पुढच्या महिन्यात नक्की" म्हणायचे. त्या दिवशी हे दोन घास जास्त जेवायचे. असे चौदा महिने गेले.

एका दुपारी हे कमरेत वाकून घरी आले. फुगवटा दगडासारखा टणक, लालबुंद. आडवे झाले तरी आत जाईना. उलट्या थांबेनात. मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"दाबू नका, पाणीसुद्धा देऊ नका. निघा!"

ऑपरेशनात पोट उघडलं तर वीतभर आतडं काळं पडलं होतं. तेवढं कापून दोन्ही टोकं जोडली. "संध्याकाळपर्यंत थांबला असता तर..." बाई म्हणाल्या.

मी फोन केल्यावर दुसऱ्या दिवशी भाऊजी गोदामाच्या कपड्यांतच आले.

"दादा, एका शब्दाने सांगायचंस. होतो तसा आलो असतो."

"बोलावून आलास तर ते येणं कसलं रे?"

"आणि हे असं येणं बरं?" भाऊजी म्हणाले.

चार दिवस त्यांनी ह्यांना कोपराला धरून व्हरांड्यात चालवलं. पाचव्या दिवशी रजा संपली.

आता ओझं उचलायचं नाही. हे दोन गडी घेऊन जातात आणि खाली उभं राहून "डावीकडे, सांभाळून" सांगतात. परवा त्यांनी आपणहून फोन लावला.

"अरे, करमत नाही. ये."

पलीकडून भाऊजींचा बारीक आवाज मलाही ऐकू आला, "मलाही नाही करमत, दादा."