'आ'वरची आडवी रेघ

मित्रांनो, माझ्या इंग्रजी 'ए' (A) या बटणावरचे अक्षर पार पुसून गेले आहे. सामोअन भाषा रोमन लिपीत लिहितात, आणि 'आ'साठी लागणाऱ्या त्या अक्षराला तिच्यात उसंत म्हणून मिळत नाही. एवढ्यावरून ओळखा, मी किती जुना कळफलक आहे.

दूरच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. आधी मोठ्या जहाजाने आणि मग फेरीबोटीने मी सामोआच्या सवाईई बेटावर आलो. गावातल्या चर्चच्या कचेरीत मला संगणकाला जोडले, आणि तेव्हापासून माझ्यावर फुआतिनो या एकाच बाईची बोटे फिरली. लग्नाची निमंत्रणे, मयताच्या प्रार्थना, महिला समितीच्या सूचना, सारे गाव माझ्यातूनच कागदावर उतरले. खाऱ्या वाऱ्याने मी कुरकुरू लागलो, तरी ती म्हणायची, की याच्यावर बसलेला हात दुसऱ्या कशावर बसायचा नाही. ते ऐकून मी फुगून जात असे.

एक गोष्ट मात्र मला डाचायची. सामोअनमध्ये लांब उच्चारायच्या स्वरावर आडवी रेघ देतात. ती रेघ माझ्याकडून उमटत नसे. फुआतिनो कागद छापून झाला की पेनाने एकेक रेघ ओढायची. सगळी मेहनत माझी आणि शेवटचा हात त्या पेनाचा. मी त्याच्यावर मनातून जळत असे.

एका ऑक्टोबरात फुआतिनोची धाकटी बहीण पेलेनिसे न्यूझीलंडमधल्या ऑकलंडहून आली. सोबत तिची लेक सिएनी होती. बालरविवारी गावातली मुले पांढरे कपडे घालून चर्चमध्ये पाठ म्हणतात. आपली नात एकदा तरी तिथे उभी राहावी, हा इओपु आजोबांचा हट्ट होता. सिएनीला सामोअन बोलणे समजायचे, पण वाचताना ती कागदावरच्या खुणांच्या आधाराने वाचायची. त्या आठवड्यात कामाच्या गर्दीत फुआतिनोने पाठांच्या कागदांवर रेघा ओढल्याच नाहीत. गावातल्या मुलांना त्या लागत नव्हत्या.

सरावाच्या वेळी घात झाला. सामोअनमध्ये 'तमा' असा शब्द आहे. शेवटचा स्वर लांबवला तर बाप, आखूड ठेवला तर पोरगा. तुमच्याकडच्या दीन आणि दिनसारखेच. सिएनीने हात जोडले आणि देवाला मोठ्याने हाक मारली, "हे आमच्या पोरा!" मुले हसून लोळली. सिएनी बाहेर पळाली, आणि मी चर्चमध्ये पाय ठेवणार नाही, म्हणून बसली.

आजोबा कागद घेऊन कचेरीत आले. "पोरीचं काय चुकलं?" ते म्हणाले. "कागदावर होतं तेच वाचलं तिनं."

फुआतिनोची मान खाली गेली. पेलेनिसेने पिशवीतून आपला कळफलक काढला. पातळ, चकचकीत, एक अक्षर पुसलेले नाही. तिने माझी तार उपटली आणि मला कपाटावर ठेवले.

मित्रांनो, तिथून मी जे पाहिले ते सोसणे कठीण होते. पेलेनिसेने संगणकाच्या सेटिंगमध्ये जाऊन इंग्रजीच्या शेजारी न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांची माओरी भाषा बसवली.

"आपलं लिहायचं तर माओरी कशाला?" फुआतिनोने विचारले.

"त्यांच्या स्वरांवरही हीच रेघ असते, फुआ. उसनी घेतली तर ते काही रागावत नाहीत."

मग तिने एक या आकड्याच्या डावीकडचे, कोपऱ्यातले बटण दाबले आणि 'ए' दाबला. पडद्यावर डोक्यावर रेघ घेतलेला स्वर उभा राहिला. फुआतिनोने तोंडावर हात ठेवला. इतक्या वर्षांत माझ्याकडे तिने तसे कधी पाहिले नव्हते. आणि ते कोपऱ्यातले बटण माझ्याकडेही होते! धूळ खात पडलेले, पण होते. ओरडायला मला तोंड नव्हते.

फुआतिनो त्या पातळ कळफलकावर लिहू लागली. दर ओळीत चूक. शेवटी ती वैतागली. "तुझा हा पापड माझ्या बोटांना नको. रेघ याच्याशिवाय येणारच नाही का?"

पेलेनिसे हसली. "रेघ मी संगणकाला शिकवलीय, याला नाही. तुझा म्हातारा जोड, तोही लिहील."

मला खाली काढले, पुसले, जोडले. फुआतिनोने जपून कोपरा दाबला, मग 'ए'. रेघ उमटली. माझ्यातून!

तो कागद घेऊन ती स्वतः सिएनीशेजारी अंगणात बसली. रविवारी चर्चच्या उघड्या खिडक्यांतून सिएनीचा आवाज कचेरीपर्यंत आला. "हे आमच्या बापा," आणि शेवटचा स्वर तिने असा लांबवला, की मागून आजोबांचे 'आमेन' ठरल्या जागेच्या आधीच निघून गेले. कोणी हसले नाही.

जेवणाच्या पंगतीत कौतुक झाले ते संगणकाचे. माझे नाव कोणी काढले नाही. तो पातळ कळफलक ऑकलंडला परत गेला. तिथे तो रोज दोन भाषांत लिहीत असेल, या विचाराने मला अजूनही जळजळ होते.

म्हणून सांगतो, मित्रांनो, आमच्या बटणांवर छापले आहे तेवढेच आम्हाला येते, असे धरून चालू नका. कपाटावर टाकण्यापूर्वी आमचे कोपरे एकदा दाबून पाहा.