कुबेराचं पोट

वाघोलीतल्या सोसायटीच्या क्लबहाउसात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर अक्षयनाथ महाराजांनी लाल दोरा गुंडाळलेला पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला. पडद्यावर आकडा उमटला : दोन हजार जीबी. सभागृहातून 'अहाहा' निघाला.

"ही चिप नाही, बाळांनो! कुबेराचं पोट आहे. टाकत राहा, मावत राहील. फक्त नऊ दिवस उघडायचं नाही. उघडाल, तर साठा आटेल!"

मागच्या रांगेत शेफाली खांद्यावरच्या आठ महिन्यांच्या लेकीला थोपटत उभी होती. तिची झोप झाली नव्हती. घरचा पातळ, हलका लॅपटॉप फोटोंनी इतका भरला होता, की ऑफिसचं काम सारखं अडकायचं. शिवाय त्यात तिच्या आईनं वारण्याआधी नातीसाठी गाऊन पाठवलेल्या अंगाया होत्या. तो आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता.

तिच्या सासूबाई सुंदराबाई महाराजांना दक्षिणा देऊन प्रसाद म्हणून तसाच एक पेनड्राइव्ह घरी घेऊन आल्या. "सगळं ह्यात टाक आणि लॅपटॉपमधलं पुसून मोकळी हो."

शेफालीनं दुपारी, बाळ झोपल्यावर, सगळं उतरवलं. आधी बारशाचे फोटो, मग व्हिडिओ, शेवटी अंगाई. मात्र पुसलं काहीच नाही. उघडलंही नाही, उद्या कुणी म्हणायला नको, हिनंच नियम मोडला. नऊ दिवस अडखळत्या लॅपटॉपवर तिनं साहेबांची बोलणी खाल्ली.

दहाव्या दिवशी क्लबहाउसात पुन्हा सगळे जमले, तेव्हा ती पेनड्राइव्ह घेऊन थेट व्यासपीठाकडे गेली. "महाराज, नियम पाळलाय. आता आपणच उघडा."

बारशाचे सुरुवातीचे फोटो उघडले. पुढच्यांची नावं दिसत होती, चित्रं नव्हती. अंगाईवर क्लिक केलं, तर आवाजच नाही.

"श्रद्धेत खोट!" महाराज गरजले.

"खोट ह्याच्या पोटात आहे," शेफाली पेनड्राइव्हकडे बोट दाखवून म्हणाली. "जेवढं उघडलं, त्यावरून आत जागा जेमतेम आठ जीबी. किती मावेल, हे पेनड्राइव्ह सांगतो आणि लॅपटॉप बिचारा विश्वास ठेवतो. ह्याला दोन हजार म्हणायला शिकवलंय. आठ भरले, की पुढच्यांची नुसती नावं घेतो आणि माल टाकून देतो. मंगल कार्यालयात दारावर पाहुण्यांची नावं लिहून घ्यावीत आणि मागच्या दारानं हाकलून द्यावं, तसं."

सुंदराबाईंचा चेहरा उतरला. "अगं, मग तुझ्या आईचा आवाज?"

"आहे लॅपटॉपमध्ये. पुसलाच नव्हता."

"मला न सांगता?"

"हो, आई."

त्यांनी हुश्श केलं. तेवढ्यात समोरच्या फ्लॅटमधले हिंदुराव खाली मान घालून उठले. "मी चौथ्याच दिवशी उघडलं होतं. मुलीच्या लग्नातलं निम्मं रिकामं. म्हटलं, नियम मोडला, आपलंच पाप. बायकोलाही सांगितलं नाही."

"आम्हीपण उघडलं होतं," कुणीतरी पुटपुटलं. मग आणखी एक. बघता बघता सहा जण झाले. महाराज तोवर पादत्राणं शोधू लागले होते.

शेफालीला जिंकल्यासारखं काहीच वाटलं नाही. लेकीला धरून खांदा दुखत होता. ती थकलेल्या आवाजात एवढंच म्हणाली, "काका, लाज तुम्हाला कशाला? सहा जणांनी उघडलं आणि सहाही जण गप्प बसले, त्यावरच ह्यांचं चाललं होतं. जो बघू नका म्हणतो, त्याचं आधी बघा. आणि दिसेल ते शेजाऱ्याला सांगा."

हिंदुराव बायकोजवळ जाऊन बसले आणि सांगू लागले.