दहा मीटर आणि वर दोन बोटं

"हे तुम्हाला पटणार नाही. पटलं, तर मी पाना-पक्कड विकून टाकीन," अप्पा म्हणाले. त्यांनी उघड्या पंपात घातलेला हात लगेच बाहेर काढला, कारण एक हात अडकलेला असला की त्यांना गोष्ट सांगता येत नसे.

दुकानात ऐकायला दोघंच होती. चहा संपला तरी न उठणारा वायरमन, आणि दाराशी उद्याच्या कामाचा दोर गुंडाळत बसलेली अप्पांची लेक. पण दोन माणसं जमली म्हणजे अप्पांच्या लेखी सभा भरली.

"बेकरीवाल्याला हरवलंत, हेच ना? सगळ्या गल्लीला ठाऊक आहे," वायरमन म्हणाला.

"हरवलं ते ठाऊक आहे. कसं हरवलं, ते ऐक."

अप्पांचं आयुष्य जमिनीखालचं पाणी वर चढवण्यात गेलं होतं, आणि उतारवयात त्यांना डिस्क गोल्फचं खूळ लागलं. बागेत ठिकठिकाणी खांब, प्रत्येक खांबावर साखळ्यांची टोपली. लांबून तबकडी फेकायची, पडेल तिथून पुन्हा फेकायची, आणि कमीत कमी फेकींत टोपलीत घालायची. हाताला अप्पा पक्के होते. गुडघा मात्र बेइमान झाला होता. तबकडी हातातून सुटली की ती गेली त्या दिशेने अप्पाही निघत, आणि चार पावलं धडपडत जाऊन कुठेतरी थांबत.

लांबून फेकताना ते चालतं. पण खांबाभोवती दहा मीटरच्या आत नियम कडक. तिथे फेकल्यावर खुणेच्या मागेच तोल सावरून उभं राहायचं, मग पुढे जायचं. तोल गेला की एका फेकीचा दंड. म्हणून अप्पा दहा मीटरच्या बाहेरूनच काम उरकत. जवळ जायची संधी आली तरी मुद्दाम तोकडं फेकत, आणि ही आपली चाल आहे असं सांगत.

"चाल कसली, भीती," वायरमन म्हणाला.

"तू तारा जोड."

आजच्या सामन्यावर पैज होती, आणि ती लेकीने लावली होती. वसाहतीच्या उंच टाकीवरचा व्हॉल्व्ह बदलायचं काम उद्यावर आलं होतं. "जिंकलात तर तुम्ही चढा. बरोबरी झाली किंवा हरलात, तर इथून पुढे शिडी माझी. तुम्ही खालून सांगायचं," ती सकाळी म्हणाली होती. खालून सांगणारा मिस्त्री म्हणजे अप्पांच्या मते भिंतीवरचं जुनं कॅलेंडर. असतं, पण कुणी बघत नाही.

शेवटच्या टोपलीला बेकरीवाल्याचं फेकून झालं होतं. अप्पांची तबकडी एका फेकीत गेली तर ते एकाने जिंकणार होते. ती पडली होती अशा जागी की दहाच्या आत की बाहेर, ते देवालाही वाकून बघावं लागलं असतं.

"नियमाने पडलेल्या तबकडीपुढे एक छोटी चकती खूण म्हणून ठेवता येते. नाहीतर तीच तबकडी खूण म्हणून राहू द्यायची. मी म्हटलं, राहू दे," अप्पा म्हणाले.

"वाकवत नव्हतं म्हणा ना."

"तेही असेल. पुढचं ऐक. मी फेकली. वारा थांबला. झाडावरचे कावळे गप्प. तबकडी टोपलीपाशी गेली, आत डोकावली, परत बाहेर आली..."

"मघाशी शेजाऱ्यांना सांगताना बाहेर आली नव्हती."

"त्यांना घाई होती. बाहेर आली, साखळीला धरून लटकली, आणि मग बसली आत."

आणि अप्पा? अप्पा तिच्या मागोमाग निघाले, दोन झुडपांना नमस्कार केला आणि गवतात चारी पायांवर जाऊन थांबले. जिवात जीव येतो न येतो तोच बेकरीवाला ओरडला, "तोल गेला. आत होता. दंड."

"बाहेर होतो," अप्पा गवतातूनच म्हणाले.

गुडघे झटकत उठताना त्यांनी लेकीकडे पाहिलं. ती हसत नव्हती. पिशवीतून मोजायचा टेप काढून तिने अप्पांच्या हातात दिला आणि त्याचं टोक घेऊन ती खांबाकडे गेली.

बेकरीवाल्याने तिथेही घोळ घातला. आधी म्हणाला, अप्पांच्या चवड्यापासून मोजू. मग म्हणाला, तबकडीच्या पुढच्या कडेपासून. मग म्हणाला, टोपलीच्या काठापर्यंत. लेकीने मोबाइलवर नियम काढून लांबूनच वाचून दाखवला. खुणेच्या मागच्या कडेपासून लक्ष्याच्या बुडापर्यंत.

"मागच्या कडेपासून," अप्पांनी दुकानातल्या दुकानात आरोळी ठोकली. "म्हणजे अख्खी तबकडी माझ्या बाजूची. छोटी चकती पुढे ठेवली असती तर मेलो होतो. ज्या गुडघ्याने पाडलं, त्यानेच तारलं. तो वाकला नाही म्हणून मी वाचलो."

वायरमनही आता पुढे सरकून बसला होता. "मग? किती भरलं?"

लेक खांबाच्या बुडाशी गवतात बसली. टेप ताणला गेला. बेकरीवाला अप्पांच्या बोटांवर नाक टेकवून उभा, हातचलाखी पकडायला. खांबाकडे बघायची त्याला गरजच नव्हती. अप्पा जिंकले तर पैज हरणार होती ती लेकच.

"दहा मीटर," अप्पा म्हणाले. मग थोडं थांबून, हलक्या आवाजात, "आणि वर दोन बोटं. त्याने चष्मा पुसून पुन्हा वाचलं. दोन बोटं म्हणजे दोन बोटं. गड्या, एवढ्या वर्षांत किती पाणी किती उंच चढवलं, पण असं कधी वाटलं नव्हतं. सकाळी सगळ्यात आधी टाकीवर चढतो. वरून तुला हात करीन."

"त्या गुडघ्याने?"

"जिंकलोय मी. मोजून."

दाराशी दोर गुंडाळणं थांबलं होतं.

"अप्पा," लेक म्हणाली, "टेपचं टोक खांबाला नव्हतं."

"काय नव्हतं?"

"खांबाला लावलं नव्हतं. मी पलीकडे सरकवून धरलं होतं. तुम्ही गवतात तसे पडलात आणि तो ओरडत होता, म्हणून. पण उद्या टाकीवर नको."

वायरमनने रिकामा कप उचलून त्यात पाहिलं आणि परत ठेवला.

"किती सरकवलं होतंस?" अप्पांनी विचारलं.

"चार बोटं."

अप्पांनी ग्रीसने माखलेली चार बोटं पंपाच्या झाकणावर आडवी ठेवली. त्यांतली दोन मिटली, आणि उरलेल्या दोनांकडे बघत राहिले.