सळईपाशी ओतलेली बादली

मी मातीतली ओल मोजणारी सळई बोलतेय. हातभर लांब, डोक्यावर काळी डबी. कारखान्यात मला एकच शिकवलं: तासातासाला ओल मोजायची आणि असेल तो आकडा पाठवायचा. खोटं बोलायची सोयच ठेवली नाही मेल्यांनी!

मला रोवलं ते रान एका सुनेच्या हट्टावर चाललं होतं. मला ज्या सरकारी योजनेनं तिथं रोवलं, ती साधी होती. ज्याची माती तीन वर्षांत जास्त पाणी धरून ठेवायला शिकेल, त्याला पुढे दरवर्षी पैसे. सून पास झाली तर रान घरात राहणार. नाहीतर ते शेजाऱ्याला कसायला देऊन तिनं शहरात कामाला जायचं, असं ठरलं होतं.

तिनं नांगर बंद केला. पाचोळा जाळायचं सोडून रानभर पसरला. शेजारी म्हणायचे, "आळसाला नवीन नाव सापडलंय वाटतं!" सासरेही कुरकुरायचे. पण दुसऱ्या वर्षी त्यांनी मूठभर माती उचलून हुंगली आणि कुरकुर सोडली. तेव्हापासून सुनेपेक्षा त्यांनाच जास्त घोर लागला.

तिसऱ्या वर्षी पाऊस लांबला. शेवटच्या तपासणीच्या आदल्या दिवशी सासरे बादली घेऊन आले, इकडेतिकडे बघितलं आणि माझ्या बुडाशी पाणी ओतलं.

"घे बाई, पोटभर पी. उद्या पोरीची लाज राख."

अहो आजोबा, नको! माझा जीव नुसता तळमळला. पण आकडा गेला तो गेलाच.

सकाळी तपासनीस आले. पडद्यावरची रेघ एका तासात ताडकन वर गेलेली, आणि पावसाचा तर थेंब नाही.

"पाणी कुणी घातलं?"

सासऱ्यांची मान खाली गेली. सुनेनं त्यांच्या चिखलानं भरलेल्या चपला बघितल्या.

"मी घातलं," ती म्हणाली.

फसवणूक केली म्हणून तिचं नाव योजनेतून कायमचं काढलं.

आता रानात शेजाऱ्याचा नांगर फिरलाय. सून शहरात आहे. मी अवजारांच्या खोलीत खुंटीला लटकतेय. मला परत न्यायला कुणी आलंच नाही. सासरे रोज येऊन समोर बसतात.

"खरं सांग, मी पाणी घातलं नसतं, तर झाली असती का गं पोरगी पास?"

झाली असती. बादली ओतायच्या आधीचा आकडा पुरेसा होता.

तुम्हाला सांगितलं, बाबांनो. त्यांना मात्र सांगू नका.