फिब्रोनियाची मूठ

इजिप्तमधल्या मिन्या शहराच्या इस्पितळात आहाराच्या डॉक्टरीणबाईंनी फिब्रोनियाच्या हातात मुठीची ताकद मोजणारा एक दांडा दिला. "जोर लावून दाबा." काटा पंधरावर अडखळला.

"यकृताचा तुकडा कापायचाय, आणि अंगात मांस नाही. अशा अंगात जखम चिघळते. दोन आठवडे अंडी, मासे, हे पावडरचं दूध. काटा वीसवर आला की तारीख. नाहीतर पुढे."

सून इरीनीने विडाच उचलला. रोज सकाळी दोन उकडलेली अंडी, संध्याकाळी दूध. ताट लख्ख होऊन परत यायचं. पण सासूबाईंचा झगा दिवसेंदिवस ढगळ होत चालला.

पाचव्या दिवशी शेजारची सनीया हसत भिंतीवर वाकली. "इरीनी, तुझ्या सासूने माझ्या बदकांना बाळसं आणलं गं! रोज भिंतीवरून अंडी येतात, तीही सोललेली. आता ऑपरेशन बदकांचं करायचं का?"

इरीनी आत गेली. "आई, हे काय?"

फिब्रोनियाने ओढणीने तोंड झाकलं. "मरियम आईचा उपास चालू आहे. मी नवस बोललेय, ऑपरेशन नीट पार पडू दे, पंधरा दिवस भाकरी आणि मीठ. तेलसुद्धा नाही."

"आणि दूध?"

"सब्जाच्या कुंडीत."

इरीनीला रडावं की हसावं कळेना. ती थेट चर्चमध्ये गेली आणि अबूना सदराकना घेऊनच आली. फिब्रोनिया गेली तीस वर्षं याच धर्मगुरूंपुढे पापं कबूल करत होती. त्यांचा शब्द ती खाली पडू देत नसे.

अबूना खाटेशी बसले. "अंडी आवडतात तुला?"

"शी! वासानेच पोटात ढवळतं."

"मग झालं तर. रोज दोन अंडी, हेच तुझं तप. तुझा भाकरी-मिठाचा उपास आजपासून माझ्याकडे."

"अबूना, तुम्ही? तळलेल्या वड्यांशिवाय तुमची न्याहारी होत नाही!"

"म्हणून तर लवकर बरी हो."

आता फिब्रोनियाला घास टाळवेना. आपल्यापायी अबूना कोरडी भाकरी चावताहेत, या विचाराने ती दोनाची तीन अंडी खाऊ लागली, वर मासा. नाक दाबून दूध. आता उलट सनीयाच भिंतीवरून बदकांची अंडी द्यायची. "बदकं तुझ्या नावाने खडे फोडताहेत गं फिब्रोनिया!"

दोन आठवड्यांनी इस्पितळात अबूनाही आले. फिब्रोनियाने दात आवळून दांडा दाबला. काटा वीस ओलांडून बाविसावर गेला.

"गुरुवारी ऑपरेशन," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

इरीनीने तिथेच आनंदाची किलकारी मारली. दालनभरचे लोक वळून पाहू लागले.

"अबूना, आता तुम्ही दाबा," फिब्रोनिया म्हणाली.

त्यांनी दाबला. एकोणीस.

"बाई गं! डॉक्टरीणबाई, यांना नका कापू हं इतक्यात," फिब्रोनिया म्हणाली, आणि पिशवीतून वड्यांचं गरम पुडकं काढून तिने त्यांच्या मुठीत कोंबलं.