खोकायचं नाही

आमच्या घरात दोघांचं मिळून एकच धड माणूस आहे. ह्यांचे गुडघे शाबूत, पण लक्षात काही राहत नाही. माझं डोकं लख्ख, पण जमिनीवर बसले की उठवायला कुणीतरी लागतं. चाळीस वर्षं शिवणयंत्रावर काढलेला हा शिंपी आता गॅस चालू ठेवून पेपर वाचत बसतो. मुलाने निर्वाणीचं सांगितलं होतं, महिनाअखेरपर्यंत दोघांना आपापलं जमलं नाही तर हे घर बंद करून त्याच्याकडे जायचं. सुनेशी माझं वाकडं नाही. पण स्वतःचं घर ते स्वतःचं घर.

म्हणून व्यायामवाली येऊ लागली. मला खुर्चीच्या आधाराने उठायला शिकवायची आणि ह्यांच्याकडून कामांचा क्रम घोकून घ्यायची: दूध, गॅस, गोळी, कडी. पंधरा दिवसांत हे अगदी तयार झाले. मग तिने आमची चोरी पकडली.

"काकू, तुम्ही खोकलात की काका गॅस बंद करतात."

"घसा खवखवतो माझा."

"बरोब्बर दूध वर यायच्या वेळी?"

ह्यांनी तरी गप्प बसावं! म्हणाले, "आणि ही उठताना मी कोपराला जरासा हात लावतो."

व्यायामवाली हसली नाही. "कधीतरी एक जण मागे राहणार, काकू. कोण ते ठाऊक नाही, म्हणून दोघांनाही शिकवतेय."

शेवटच्या दिवशी तिने मला आतल्या खोलीत जमिनीवर बसवलं आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं. हे स्वयंपाकघरात. थोड्या वेळाने तापल्या दुधाचा वास आला. ओठांपर्यंत आलेला खोकला मी गिळला. खुर्ची ओढली, एक गुडघा टेकला, दुसरा पाय रोवला. दोनदा बसकण मारली. तिसऱ्यांदा उठले.

दार उघडलं तर समोर हेच, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून. गॅस बंद, गोळी घेतलेली. माझी धडपड ऐकून दाराशी आले होते, पण आत आले नव्हते.

व्यायामवालीने तिथूनच मुलाला फोन लावला. घर वाचलं. मला खूप आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

ती गेल्यावर हे म्हणाले, "चला, आता कुणी का आधी जाईना, दुसऱ्याचं काही अडणार नाही."

माझं टाळकंच सरकलं. "तुमचं नसेल अडत! माझं अडणार," मी ओरडले, आणि कधी नव्हे ती ह्यांच्यासमोर रडायला लागले.

हे बावरले. त्यांनी दाराकडे पाहिलं.

"ती गेली ना नक्की?" त्यांनी विचारलं, आणि मला जवळ घेतलं.