लीथचा दिवा आणि नव्या दुर्बिणीचं खोकं

साठी उलटल्यावर ग्लेनिस पर्टेलला ताऱ्यांचं वेड लागलं, आणि तिच्या कुंपणापलीकडे लीथ हॅरिगनच्या शेडवर भला मोठा दिवा होता. चोरांच्या भीतीने तो रात्रभर जळायचा. ऑस्ट्रेलियातल्या गिलगंड्रा गावाच्या त्या रस्त्यावर शेवटची चोरी कधी झाली, हे कुणालाच आठवत नव्हतं.

ग्लेनिसने तीनदा विनवून पाहिलं. "रात्री दोन तास तरी बंद ठेव रे. डोळे अंधाराला सरावायला वीस मिनिटं लागतात. तुझा दिवा डोळ्यांत गेला की सगळं मुसळ केरात!"

"मग पडदे लाव की," लीथ म्हणाला.

पडदे लावून तारे बघायचे! धन्य आहे त्या माणसाची.

मग गव्हाची कापणी सुरू झाली. आता पाऊस आला तर लीथच्या वर्षभराच्या कष्टांची माती होणार होती. तो पावसाचं नावसुद्धा तोंडातून काढत नसे. ग्लेनिसच्या खगोल क्लबात एक गोष्ट हसत हसत सांगत, पण कुणी खोटी म्हणायला धजत नसे: नवी दुर्बीण खोक्यातून बाहेर काढली की ढग आलेच म्हणून समजा. ती लीथच्याही कानावर गेली होती.

एका संध्याकाळी दिवेलागणीला ग्लेनिस हातगाडीवर खोकं घालून शेडवर हजर झाली. खोक्यात दोन उशा आणि एक वीट होती. दुर्बीण पंधरा दिवसांपासून तिच्या परसात उभी होती, आणि एवढ्या दिवसांत बोटभरही ढग आला नव्हता.

"आठ इंची आहे. नवी कोरी," ती म्हणाली. "आज उघडीन म्हणते."

लीथ खात असलेला खिम्याचा मीट पाय हातातच राहिला. "अगं, चारशे एकर उभे आहेत माझे! दहा दिवस थांब."

"थांबले असते रे. पण तुझ्या उजेडात दुसरं करू तरी काय?" तिने चिकटपट्टीला चाकू लावला.

"बाई, तो चाकू खाली ठेव!" हार्वेस्टर चालवणारी जॅसिंटा ओरडली.

लीथने धावत जाऊन दिव्याचा खटका बंद केला. हळूहळू डोळे सरावले, आणि कापणीची सगळी माणसं माना वर करून तारे बघू लागली. ग्लेनिसला एवढा आनंद झाला की तिचं भानच सुटलं.

"चला, शनी दाखवते!" म्हणत तिने सगळ्यांना थेट आपल्या परसात नेलं.

लीथने पहिला डोळा लावला. "काचेवर स्टिकर चिकटवलंयस."

तिने नळी जरा ढकलली. शनी कड्यांसकट बाजूला सरकला. लीथ बराच वेळ वाकून राहिला, मग एकदम ताठ झाला.

"ग्लेनिस, ही उघडलीस कधी?"

"पंधरा दिवस झाले," ती ओशाळून म्हणाली.

"आणि खोक्यात?"

"उशा."

लीथ तणतणत शेडकडे निघाला. खटक्यावर त्याने हात ठेवला, तोच कुंपणापलीकडून जॅसिंटा कडाडली, "दिवा लावलास तर उद्या हार्वेस्टर तूच चालव! माझा नंबर अजून आलेला नाही!"

लीथने खटक्यावरचा हात काढला. मग परत आला आणि रांगेत सगळ्यांच्या मागे जाऊन उभा राहिला.